तोटा कोणाच्या नावे? : जेम्सटाउनची पहिली वर्षे



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना एक सवय लावली. कुठल्याही राज्याची सनद वाचण्याआधी ते त्याचा जमाखर्च शोधायला लावत. पैसा कोणी घातला, नफा कोणी नेला, आणि तोटा झाला तेव्हा तो कोणाच्या नावे पडला, असे त्यांचे तीन प्रश्न असत. पहिल्या दोहोंची उत्तरे कागदात बहुधा सरळ सापडतात. तिसऱ्याचे उत्तर हुडकावे लागते. आजचे व्याख्यान त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. त्यासाठी मी जागा निवडली आहे उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली जेम्सटाउन. इंग्रजांची त्या खंडावर टिकलेली ही पहिली वसाहत.

एवढी दूरची जागा कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला एक इंग्रज ताफा आला. त्यातल्या ‘लायन’ या जहाजावर जहांगीर बादशहाकडे निघालेला वकील सर टॉमस रो होता. रोचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे. त्या जहाजाच्या कप्तानाचे नसते. तो ख्रिस्तोफर न्यूपोर्ट, ऐन तारुण्यात कॅरिबियन समुद्रातल्या चकमकीत एक हात गमावलेला खलाशी. सुवाळीला येण्याच्या आठच वर्षे आधी, १६०७ मध्ये, याच न्यूपोर्टने ‘सुझन कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’ अशी तीन जहाजे नेऊन जेम्सटाउनची माणसे किनाऱ्यावर उतरवली होती. आणि न्यूपोर्टला दोन्हीकडे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या शिखरावर एकच व्यापारी बसला होता, लंडनचा सर टॉमस स्मिथ. ईस्ट इंडिया कंपनीचा तो पहिला गव्हर्नर. मधली काही वर्षे सोडली तर १६२१ पर्यंत ते पद त्याच्याकडेच होते. १६०९ ते १६१९ अशी दहा वर्षे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे प्रमुखही तोच. सुरतेच्या वखारीचा आणि जेम्सटाउनच्या कुडाच्या घरांचा हिशेब एकाच माणसाच्या नजरेखालून जात होता. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवल्या जातात, आणि त्यामुळे दोन्ही अर्धवट समजतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्हीकडे भांडवल लंडनचेच, मग फरक कुठे पडला? सुरतेत माल तयार होता. विणकर होते, दलाल होते, सराफ होते, नीळ होती, आणि वर एक बलाढ्य सत्ता होती. इंग्रजाने चांदी आणायची, परवानगी मागायची, कापड विकत घ्यायचे आणि जहाज भरायचे. त्याला तिथे जमीन लागत नव्हती. व्हर्जिनियात लंडनला पाठवता येईल असा तयार माल नव्हता. तो पिकवावा लागणार होता. पिकवायचे म्हणजे जमीन आली, आणि जमिनीपेक्षा अधिक म्हणजे राबणारी माणसे आली. हा फरक लंडनला उमगायला काही वर्षे लागली, आणि त्या वर्षांची किंमत भागधारकांनी मोजली नाही.

एप्रिल १६०६ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सनद दिली. १०४ पुरुष आणि मुलगे मे १६०७ मध्ये जेम्स नदीतल्या एका सखल, दलदलीच्या भूभागावर उतरले. खोलगट, दमट जागी वस्ती करू नका असे कंपनीने लेखी बजावले होते. तरीही जागा निवडली ती तीच, कारण तिथे पाणी काठापर्यंत खोल होते, जहाज थेट झाडाला बांधता येई, आणि स्पॅनिश जहाजांच्या नजरेपासून ती आत होती. जहाजाची सोय पाहिली, पिण्याच्या पाण्याची पाहिली नाही. नदी भरतीला खारट होई आणि ओहोटीला गाळाने भरे. उन्हाळ्यात हगवण आणि ताप सुरू झाले. जानेवारी १६०८ मध्ये पहिल्या तुकडीतले ३८ जण उरले होते. जुन्या वृक्षांच्या खोडांतल्या वलयांवरून आता कळते की १६०६ ते १६१२ ही त्या प्रदेशातली कित्येक शतकांतली अतिशय तीव्र अवर्षणाची वर्षे होती. म्हणजे हे लोक दुष्काळात आले होते, आणि ज्यांच्याकडून ते मका मागत होते त्यांच्याच कणगीत तो कमी होता.

त्या लोकांविषयी बोलायला हवे. किनाऱ्यालगतच्या तीसेक जमाती, सुमारे पंधरा हजार माणसे, वाहुनसेनाकॉ नावाच्या एका अधिपतीच्या सत्तेखाली होती. इंग्रज त्याला पोव्हाटन म्हणत. आपल्या मुलखाला ते लोक सेनाकोमाका म्हणत. ते मका, घेवडा, भोपळा पिकवत, मासे धरत, हरणांची शिकार करत. इंग्रजांकडून त्यांना तांबे, मणी आणि कुऱ्हाडी हव्या होत्या. आरंभी थोड्या तांब्याला पुष्कळ मका मिळे. मग जहाजांवरचे खलाशी चोरून तांबे विकू लागले आणि तांब्याचा भाव पडला. वसाहतीतल्या जॉन स्मिथने याबद्दल कडवट तक्रार केली आहे. तेव्हा व्यापार होता, बाजारभाव होता, आणि भाव ठरवण्याची ताकद बऱ्याच अंशी पोव्हाटनच्या हाती होती.

१६०८ च्या हिवाळ्याआधीचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. कंपनीने पोव्हाटनसाठी लंडनहून मुकुट, तांबडा झगा आणि पलंग पाठवला. त्याला मुकुट घालून इंग्लंडच्या राजाचा मांडलिक करायचे होते. त्याने जेम्सटाउनला यायला नकार दिला. आपणही राजा आहोत आणि ही भूमी आपली आहे, अशी त्याची भूमिका होती. अखेर न्यूपोर्ट स्वतः त्याच्या गावी गेला. मुकुट घेण्यासाठी गुडघे टेकायचे असतात हे त्याला पुष्कळ समजावून पाहिले. तो टेकेना. शेवटी खांद्यावर दाब देऊन त्याला जरासे वाकवले आणि घाईने मुकुट डोक्यावर ठेवला. बदल्यात पोव्हाटनने न्यूपोर्टला आपला जुना अंगरखा आणि पादत्राणे दिली. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्याने त्या भेटीत पुरते स्पष्ट केले. हे ज्यांनी पाहिले त्यांनी तो माणूस रानटी आहे असे लिहावे, याचे मला आजही दुःख होते.

लंडनला माल हवा होता. पहिल्या वर्षी सोन्याच्या आशेने चकाकती माती जहाजात भरून पाठवली, ती मातीच निघाली. काच करायला जर्मन आणि पोलिश कारागीर नेले. डांबर, राळ, लाकूड, सगळे करून पाहिले. १६०९ मध्ये नवी सनद मिळाली आणि कंपनीने साडेबारा पौंडांचा एक असे भाग विक्रीला काढले. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने स्वतः जायचे. त्याचे जाणे हाच त्याचा एक भाग. सात वर्षांनी नफा वाटला जाईल असे ठरले. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे पहिल्यांदा दिसते. लंडनच्या भागधारकाने साडेबारा पौंड घातले, ते बुडाले तर साडेबारा पौंड बुडणार. जाणाऱ्याने आयुष्य घातले. कागदावर दोघांचा वाटा सारखा होता.

१६०९-१० च्या हिवाळ्याला तिथले लोक ‘उपासमारीचा काळ’ म्हणत. रसद आणणारे मोठे जहाज ‘सी व्हेंचर’ वादळात बर्म्युडाला फुटले. पोव्हाटनच्या माणसांनी वेढा घातला. तटबंदीबाहेर जावे तर बाण, आत राहावे तर भूक. घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरे, उंदीर, मग जोड्यांचे कातडे. मेलेल्या माणसांचे मांस खाल्ल्याच्या नोंदी तेव्हाच्या लोकांनी केल्या होत्या, आणि पुढे कित्येकांनी त्या अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवल्या. २०१२ मध्ये उत्खननात तिथल्या एका तळघराच्या भरावात चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावर सुरीचे आणि कुऱ्हाडीचे घाव होते, मेल्यानंतर मांस काढल्याचे. संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटले. खरे नाव कोणाला ठाऊक नाही. मे १६१० मध्ये बर्म्युडाला अडकलेले लोक दोन छोटी जहाजे बांधून पोहोचले, तेव्हा जेम्सटाउनमध्ये साठेक माणसे जिवंत होती. जूनमध्ये सगळ्यांनी गाव सोडलेही होते. नदीच्या मुखाशी नवा गव्हर्नर लॉर्ड डेलावेअर रसद घेऊन येत असल्याचे कळले आणि त्यांना परत फिरावे लागले.

त्यानंतर आला लष्करी अंमल. सर टॉमस डेल १६११ मध्ये आला आणि त्याने कडक कायदे आणखी आवळले. ढोल वाजला की कामाला जायचे, ढोल वाजला की प्रार्थनेला. बागेतला भाजीपाला चोरणे, परवानगीवाचून स्थानिकांशी व्यापार करणे, त्यांच्यात पळून जाणे, या सगळ्याला मृत्युदंड होता. पळून गेलेल्यांना पकडून फाशी दिली, जाळले, चाकावर मोडले. कोठारातले धान्य चोरणाऱ्याला झाडाला बांधून उपाशी मरू दिले, असे त्या वसाहतीचा एकेकाळचा प्रमुख जॉर्ज पर्सी लिहून गेला आहे. हे लोक पळत होते कुठे, याकडे लक्ष द्या. जिथे पोटभर मका होता तिथे. उपाशी माणूस पळतो यावर कंपनीचा उपाय अन्न हा नव्हता, फास हा होता. पण त्याच डेलने १६१४ च्या सुमारास जुन्या वसाहतवाल्यांना प्रत्येकी तीन एकर जमीन स्वतःसाठी कसायला दिली. बदल्यात वर्षाला अडीच पिंपे मका आणि महिनाभराचे काम. सामायिक शेतात जे लोक कसेबसे फावडे उचलत, ते आपल्या तुकड्यावर राबू लागले. सुळापेक्षा तीन एकरांनी अधिक धान्य पिकवले.

आणि मग तंबाखू. स्थानिक तंबाखू कडू, इंग्रजांच्या जिभेला न रुचणारा. जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने स्पॅनिश वसाहतींकडचे गोड जातीचे बी मिळवले आणि १६१२ च्या सुमारास लावून पाहिले. जेम्स राजाने तर १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. ग्राहकांनी राजाचे ऐकले नाही. त्या पुस्तिकेच्याच सुमारास पोर्तुगिजांमार्फत दख्खनमध्ये आलेला तंबाखू विजापूरहून अकबराच्या दरबारात त्याच्या वकिलाने, असद बेगने, नेला होता. अमेरिकेचे पान आपल्या मुलखात इंग्रजांच्या आधी पोहोचले होते. १६१७ मध्ये जेम्सटाउनमध्ये गव्हर्नर अर्गॉल आला तर रस्त्यांत आणि बाजाराच्या जागेतही तंबाखू लावलेला. त्या साली सुमारे २०,००० पौंड वजनाचा तंबाखू इंग्लंडला गेला. १६२९ मध्ये पंधरा लाख पौंड. रॉल्फने पोव्हाटनच्या मुलीशी, पोकाहॉन्टसशी, १६१४ मध्ये लग्न केले, आणि त्यानंतर काही वर्षे शांतता राहिली. तिला कंपनीने लंडनला नेऊन मिरवले, कारण भाग विकायचे होते. परत निघताना मार्च १६१७ मध्ये ग्रेव्हसेंडला ती वारली. वय विशीच्या आसपास.

या सगळ्यात कंपनीची तिजोरी कशावर चालत होती? बऱ्याच अंशी लॉटरीवर. १६१२ पासून १६२१ पर्यंत इंग्लंडच्या गावोगावी तिच्या सोडती निघत. १६१६ मध्ये सात वर्षे भरली, नफा वाटायची वेळ आली, आणि वाटायला पैसा नव्हता. तेव्हा दर भागामागे पन्नास एकर जमीन वाटायचे ठरले. ही जमीन कंपनीने विकत घेतलेली नव्हती. लंडनच्या भागधारकाचा तोटा भरून निघाला तो सेनाकोमाकाच्या रानातून. आता ज्यांची शेते आणि शिकारीची राने होती, त्यांच्या नावे तोटा गेला.

पुढे १६१८ मध्ये त्याचा नियमच झाला. जो कोणी एक माणूस आणील त्याला पन्नास एकर. या व्यवस्थेला हेडराइट म्हणतात. गरीब माणूस तिकिटाच्या बदल्यात चार ते सात वर्षांची चाकरी लिहून देई, आणि त्याच्या येण्याची जमीन त्याला आणणाऱ्या मालकाला मिळे. तो जगो अगर मरो, एकर मालकाच्या नावे. पुष्कळ जण करार संपण्याआधीच मेले. १६१९ नंतर स्मिथच्या जागी आलेल्या एडविन सँडीजच्या कारभारात तीन-चार वर्षांत साडेतीन हजारांवर माणसे पाठवली गेली, निवारा आणि शिधा यांची तजवीज न करता. सँडीजला इतिहासकार उदारमतवादी म्हणून गौरवतात. त्याच्या काळातल्या मृत्यूंची यादी पाहिल्यावर तो गौरव माझ्या गळी उतरत नाही.

त्या मृतांमधल्या एकाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाचा कोवळ्या वयाचा चाकर मार्टिन्स हंड्रेड या वस्तीवर होता. १६२३ च्या वसंतात त्याने आईवडिलांना लिहिले की इथे वाटाणे आणि पाणीदार पेज यांखेरीज काही मिळत नाही, अंगावर धड कपडे नाहीत, शक्य असेल तर पैसे भरून मला सोडवा, नाहीतर निदान थोडे खायचे पाठवा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत केलेल्या मृतांच्या यादीत त्याचे नाव आहे.

आता १६१९ च्या उन्हाळ्याकडे येऊ. ३० जुलै ते ४ ऑगस्ट असे सहा दिवस जेम्सटाउनच्या चर्चमध्ये गव्हर्नर यर्डली, त्याचे मंडळ आणि अकरा वस्त्यांचे बावीस प्रतिनिधी बसले. इंग्रज अमेरिकेतली ही पहिली प्रातिनिधिक सभा. उकाडा असा की एक प्रतिनिधी सभा चालू असतानाच मेला. सभेने सर्वांत आधी केलेल्या कामांत तंबाखूचा भाव ठरवणे होते: उत्तम प्रतीचा पौंडाला तीन शिलिंग, दुसरा अठरा पेन्स. मग मका किती लावायचा, जुगार, आळस, चाकरांची लग्ने मालकाच्या संमतीनेच. त्याच ऑगस्टच्या अखेरीस पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ हे इंग्रज लुटारू जहाज आले. अंगोलातून मेक्सिकोकडे निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली वीसहून थोडी अधिक आफ्रिकन माणसे त्यावर होती. गव्हर्नर यर्डली आणि कंपनीचा व्यापारी अधिकारी पीअर्सी यांनी ती शिध्याच्या बदल्यात घेतली. हे रॉल्फनेच सँडीजला पत्रातून कळवले. या दोन तारखांच्या मधोमध, ९ ऑगस्टला, आपल्या मछलीपट्टणला टॉमस डेल मेला. तो आता ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याचा सेनापती होता आणि जाव्याजवळ डचांशी लढून आला होता. न्यूपोर्ट त्याआधीच, १६१७ मध्ये, बांटमला वारला होता.

सभा आणि गुलामांचे जहाज या दोन घटना विरोधाभास म्हणून सांगायची पद्धत आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गरज होती. ज्यांच्या हातात तंबाखूची शेते होती ते मालक वसाहतीत टिकून राहावेत म्हणून त्यांना कारभारात वाटा द्यावा लागला. आणि त्यांच्या शेतावर राबणारे हात मिळावेत म्हणून ज्यांना नाही म्हणता येणार नाही अशी माणसे आणावी लागली. यर्डलीने सभाही भरवली आणि खरेदीही केली.

त्यानंतरचे लवकर सांगतो. २२ मार्च १६२२ रोजी पोव्हाटनचा भाऊ ओपेचान्कानॉ याने एकाच सकाळी वस्त्यांवर हल्ला केला, ३४७ इंग्रज मारले गेले. पिढीभराच्या जमीनबळकावणीला ते उत्तर होते. लंडनने त्याचा उपयोग उरलेली जमीन घेण्याचे समर्थन म्हणून केला. चौकशी बसली, कंपनीची सनद २४ मे १६२४ रोजी रद्द झाली आणि वसाहत राजाकडे गेली. १६०७ पासून सहा हजारांच्या वर माणसे तिथे गेली होती. जिवंत होती सुमारे बाराशे. कंपनी बुडाली, पण तंबाखू, हेडराइट आणि सभा या तिन्ही गोष्टी राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर तोटा खाली ढकलण्याची रीतही राहिली.

ती पुढे कशी चालली हे एका माणसाच्या आयुष्यात दिसते. १६२१ मध्ये ‘जेम्स’ जहाजावरून आलेल्या एका आफ्रिकनाची नोंद ‘अँटोनियो’ अशी आहे. १६२२ च्या हल्ल्यातून त्याच्या वस्तीवर जी मोजकी माणसे वाचली त्यांत तो होता. तो पुढे मुक्त झाला, अँथनी जॉन्सन झाला, लग्न केले, गुरे वाढवली. १६५१ मध्ये पाच माणसांच्या हेडराइटवर त्याला अडीचशे एकर मिळाले. म्हणजे तो नियम त्यानेही वापरला. १६५५ मध्ये जॉन कासोर नावाच्या आफ्रिकनावर आपला आजन्म हक्क आहे असे त्याने कोर्टाकडून ठरवून घेतले. हे मी लपवणार नाही. ज्याच्या नावे तोटा पडला होता त्यानेही संधी मिळताच तो आपल्याखालच्याच्या नावे टाकला. पण तोवर कायद्याला वर्ण दिसू लागला होता. १६४० मध्ये तीन चाकर मिळून पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपियनांची चाकरी चार वर्षांनी वाढली, तिसरा, जॉन पंच हा आफ्रिकन, त्याची जन्मभराची झाली. १६६२ मध्ये सभेने, त्याच सभेच्या वारसांनी, कायदा केला की मुलाची स्थिती आईवरून ठरेल. गुलाम बाईच्या पोटी मालकाचे मूल आले तरी ते मालकाची मालमत्ता. आता न जन्मलेल्यांच्या नावेही खाते उघडले.

जॉन्सन कुटुंब तोवर मेरीलँडला गेले होते. अँथनी १६७० मध्ये वारला. व्हर्जिनियात मागे ठेवलेली पन्नास एकर जमीन त्याने मुलाला, रिचर्डला, दिली होती. त्या जमिनीची चौकशी करायला पंच बसले. व्हर्जिनियात तीन तपांहून अधिक काळ घालवलेल्या, कर भरलेल्या, कोर्टात वादी म्हणून उभ्या राहिलेल्या या माणसाविषयी त्यांनी निर्णय दिला की तो निग्रो होता, म्हणून परका होता, आणि म्हणून त्याची जमीन सरकारजमा करावी.